टर्कसन सरांची धावपट्टी

आमच्या एजाक्रोममध्ये कुणी तुमच्या हातात डाव्या हातानं काही ठेवलं आणि सोबत 'धावपट्टी' असं म्हटलं, तर रागवायचं नसतं. बाहेरगावची माणसं रागवतात. कुमासीहून बदली होऊन आलेले बँकेचे मॅनेजर पहिल्याच दिवशी मासळीबाजारात रागावले. बाईच्या उजव्या हातात सुरी होती, म्हणून तिनं माशाचं पुडकं डाव्या हातानं पुढे केलं आणि म्हणाली, "धावपट्टी."

मॅनेजर म्हणाले, "माझ्या बापानंही मला कधी डाव्या हातानं काही दिलं नाही."

बाई म्हणाली, "ते टर्कसन सरांकडे शिकले नसतील."

सहा महिन्यांनी तेच मॅनेजर काउंटरवरून डाव्या हातानं पासबुक सरकवताना मी स्वतः पाहिले. 'धावपट्टी' म्हणाले, आणि हसलेही नाहीत. माणूस रुळला, हे मी तेव्हा ओळखलं.

आमच्याकडे डाव्या हाताचं काय आहे, हे फोड करून सांगायला नको. ज्या कामासाठी देवानं तो दिला आहे, त्या कामासाठी तो आहे. डाव्या हातानं कुणी रस्ता दाखवला, तर आमची म्हातारी माणसं हरवणं पत्करतात, पण त्या रस्त्यानं जात नाहीत. मग सगळ्या देशात एकट्या आमच्या गावाला ही सूट कशी मिळाली? त्याला कारण त्र्याहत्तर सालची एक शर्यत, आणि ती शर्यत हरण्याला कारण मी. म्हणजे अर्धा मी. उरलेला अर्धा आज आमच्या गावच्या गादीवर बसतो.

कोबिना टर्कसन सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि चार वाजले की पोरांना पळवायचे. गळ्यात शिट्टी असायची, ती वाजलेली कुणाला आठवत नाही. सर नुसते बघायचे आणि तेवढं पुरायचं. त्या वर्षी त्यांनी चार बाय शंभरचा चमू तयार केला. चार गडी, एक कांडी. कांडी सरांनी वसतिगृहातल्या झाडूच्या दांड्यातून स्वतः कापली होती. पहिल्यानं ती उजव्या हातात न्यायची, दुसऱ्यानं डाव्यात घ्यायची आणि डाव्यानंच तिसऱ्याच्या उजव्यात द्यायची, तिसऱ्यानं उजव्यानं चौथ्याच्या डाव्यात. असं केलं की हात बदलण्यात वेळ जात नाही. घेणाऱ्यानं मागे बघायचं नाही. देणारा "हात" म्हणून ओरडला की हात मागे धरायचा, बस्स. कागदावर हे बिनचूक होतं. फक्त ते ठरवताना आम्हा चौघांच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा गडी होता क्वामिना. राजघराण्यातला पोरगा, माझ्यापेक्षा एक वर्ष लहान. तिसरा मी, वर्गाचा मॉनिटर. चौथा जोजो. अंतिम शर्यतीत क्वामिना सगळ्यांच्या सहा पावलं पुढे आला. मी समोर बघत, शिकवल्याप्रमाणे वाट पाहत होतो. 'हात' ऐकू यायचं, त्याऐवजी मागून अतिशय नम्र आवाज आला,

"एबोदादा, माफ करा हं, डावा हात आहे."

माझ्यावरही संस्कार चांगले झाले होते. मी थांबलो, वळलो आणि म्हणालो, "असू दे रे, काही हरकत नाही." मग त्यानं कांडी उजव्या हातात घेतली, आणि त्याचं घराणं मोठं असल्यामुळे मी ती दोन्ही हातांनी स्वीकारली. तोवर पाच शाळा आमच्या बाजूनं निघून गेल्या होत्या. सहावी जरा मंद होती, तीही गेली. जोजो पुढे डावा हात मागे धरून उभा होता. तो हात वाट बघून दुखायला लागला, असं तो मरेपर्यंत सांगायचा.

सोमवारी सर वर्गात आले, नकाशा टांगला आणि म्हणाले, "तुमचे संस्कार उत्तम आहेत. आता आपण ते थोडे कमी करू."

महिनाभर आम्ही खडू, दौत, चेंडू, जे काही द्यायचं ते डाव्या हातानं दिलं. माफी मागायची बंदी होती. जीभ फारच वळवळली तर माफीऐवजी 'धावपट्टी' म्हणायचं, म्हणजे आपण कुठे आहोत याचं मनाला भान राहील. सगळं ठीक चाललं होतं, पण सुट्टीत घरी गेलेल्या एका मुलीनं आजीला पाण्याचा पेला डाव्या हातानं दिला आणि वर 'धावपट्टी' म्हणाली. आजी नेमकी तेव्हाच्या नानांची बहीण. आमच्याकडे गादीवरच्या माणसाला नाना म्हणतात. शुक्रवारी सरांना राजवाड्यावर बोलावणं आलं. दंड झाला, एक मेंढा आणि श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या. सरांनी दंड उजव्या हातानं भरला आणि मग बोलायची परवानगी मागितली.

"नाना," सर म्हणाले, "डावा हात हा परक्याचा अपमान. पण शर्यतीतले चौघं ही चार माणसं नव्हेत. तो एकच माणूस आहे, त्याला हात आठ आहेत. माझा डावा हात उजव्याला साबण देतो, तेव्हा तो माफी मागत नाही."

नानांनी बाटली अर्धी होईपर्यंत विचार केला. मग निकाल दिला. धावपट्टीवर डावा हात शुद्ध. राजवाड्यात, गादीसमोर, अशुद्ध. आणि गादीसमोर डावा हात पुढे करणार नाही, असा सरांनी शब्द द्यावा. सरांनी दिला.

कायदा झाला की पळवाट निघते. धावपट्टी कुठे संपते, हे नानांनी सांगितलं नव्हतं, आणि गावानंही विचारलं नाही. पुढच्या वर्षी आमची शाळा तीच शर्यत जिंकली, आणि सगळ्यांनाच आपण धावपट्टीवर आहोत असं वाटू लागलं. आधी मासळीबाजार धावपट्टीवर आला. मग भाड्याच्या गाड्या आल्या. खिडकीशी बसलेला माणूस भाडं डाव्या हातानं मागे देणार नाही तर काय करणार? शेवटी चर्चही आलं. लग्नात अंगठी डाव्या हातात घालतात, नवरीनं हात पुढे केला की अख्खं चर्च 'धावपट्टी' म्हणतं. नवे पाद्री आले की पहिल्या लग्नात दचकतात, दुसऱ्यात तेच आधी म्हणतात.

तर या गोष्टीला पन्नास वर्षं झाली, सर पंच्याऐंशीचे झाले आणि गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं.

आमच्याकडे शाळा सुटली तरी बॅच सुटत नाही. प्रत्येक बॅच शाळेला काहीतरी देते आणि त्यावर आपलं साल रंगवते. पाण्याच्या टाकीवर एकाहत्तर आहे, फाटकावर एकोणऐंशी आहे. फाटक पुन्हा रंगवून ब्याऐंशीवाल्यांनी आपलं साल त्याच्यावर चढवलं, तेव्हापासून त्या दोन बॅचमध्ये सोयरीक होत नाही. आता एकोणऐंशीला सरांचा पुतळा हवा होता. ब्याऐंशीला त्याहून उंच पुतळा हवा होता. आमच्या त्र्याहत्तरच्या बॅचला काही बोलायचा अधिकारच नव्हता. शेवटी आताचे नाना म्हणाले, सत्कार मीच करतो. राजवाड्याच्या अंगणात दरबार भरेल, शाळेच्या मैदानाला सरांचं नाव दिलं जाईल, आणि तो कागद मी माझ्या हातानं सरांना देईन. एकोणऐंशीवाल्यांना समजूत म्हणून खुर्च्या रंगवायला दिल्या.

आमंत्रण घेऊन मला पाठवलं. ओसरीवरच अराबानं, सरांच्या मुलीनं, मला अडवलं.

"एबोकाका, पत्र माझ्याकडेच द्या. ते घेणार नाहीत."

"का गं?"

"कशानं घेतील? अर्धांगवायूच्या झटक्यात उजवा हात गेला. गेल्या वर्षीपासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही."

"मग जेवतात कसे?"

"दार लावून. डाव्या हातात चमचा धरून. मलासुद्धा आत येऊ देत नाहीत. ताट बाहेर येतं ते अर्धं भरलेलं असतं, आणि हल्ली अर्ध्याहून जास्त." तिनं पत्राकडे बघितलं. "म्हणतात, दरबार करा, माझी खुर्ची रिकामी ठेवा. काका, रिकामी खुर्ची आपण कुणासाठी ठेवतो? गेलेल्या माणसासाठी. एकदा ती ठेवली ना, की हे घरात तसेच वागायला लागतील."

आतून आवाज आला. "अराबा, कोण आहे?"

"एबोकाका."

"तिसरा गडी? त्याला म्हणावं, बूट बाहेर."

सर खिडकीशी बसले होते. उजवा हात मांडीवर, त्यावर कापड पांघरलेलं, घरात पाहुणा झोपला असावा तसं. टेबलावर केंक्याचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा आणि तळलेला मासा, वर झाकण. अकरा वाजले होते; ते न्याहारीचं ताट होतं.

मी म्हणालो, "सर, सगळ्या गावाला डावा हात तुम्ही दिलात."

"गावाला दिला. गादीसमोर नाही. शब्द दिलाय."

"ज्यांना दिला ते नाना वारले, सर."

"ते वारले. शब्द वारल्याचं कुणी मला कळवलं नाही."

"बरं, तुमच्या वतीनं अराबा कागद घेईल."

"माझ्या वतीनं अराबा घेणार म्हणजे मी मेलो," सर म्हणाले. "मग पुतळाच करा. पुतळ्याला दोन्ही हात असतील."

वर्तमानपत्रात तीस वर्षं लोकांची टिंगल करून मी पोट भरलं, पण सरांसमोर गेलो की माझं वाक्य अजूनही मॉनिटरचं होतं.

मी तसाच राजवाड्यावर गेलो. नाना म्हणजे आमचा क्वामिनाच. शाळेत त्या शर्यतीनंतर त्याचं नाव 'माफी' पडलं होतं, ते आता उच्चारायची सोय नाही. आता तो माझ्याशी थेट बोलतही नाही. नाना जे पुटपुटतात ते मोठ्यानं सांगायला ओचामे असतात, सोनेरी मुठीची काठी धरून बाजूला उभे. खोलीत आम्ही तिघंच, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

नाना म्हणाले, "सरांची तब्येत कशी आहे?"

ओचामे म्हणाले, "नाना विचारतात, सरांची तब्येत कशी आहे?"

मी म्हणालो, "बरी नाही. जेवत नाहीत."

ओचामे नानांकडे वळून म्हणाले, "देवाच्या कृपेनं सर विश्रांती घेत आहेत." वाईट बातमी गादीसमोर जशीच्या तशी न्यायची नसते.

मी सगळं सांगितलं. ओचाम्यांनी मान हलवली. "निकाल फिरवता येत नाही. ज्यांनी दिला ते आता पूर्वजांत आहेत. त्यांना विचारायचं तर श्नॅप्स ओतून विचारावं लागेल, आणि काय उत्तर येईल ते मला आत्ताच माहीत आहे."

"कसं काय?"

"ते उत्तर मीच सांगतो."

नाना बराच वेळ बांगडी फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "एबोदादा, निकालात नक्की काय होतं? धावपट्टीवर शुद्ध."

ओचाम्यांनी तोंड उघडलं. नानांनी एक बोट वर केलं. ओचाम्यांनी मिटलं.

"आणि गादीसमोर अशुद्ध," मी म्हणालो.

"आणि गादीच धावपट्टीवर असली तर?"

ओचाम्यांची काठी जमिनीवर आपटली. "नाना म्हणतात..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. "नाना काय म्हणतात ते मला ऐकू आलेलं नाही."

"दोन्हींतलं आधी काय सांगितलं होतं?" नानांनी विचारलं.

"धावपट्टीचं," मी म्हणालो. "गादीचं मागाहून."

"मग ते थोरलं. ओचामे, दोन भाऊ भांडले तर ऐकायचं कुणाचं?"

ओचामे चाळीस वर्षं लोकांना हेच सांगत आले होते. त्यांनी छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "थोरल्याचं. पण गादी शाळेच्या मैदानात जाणार नाही. गादी सणाशिवाय हलत नाही."

"गादी कशाला हलवायची?" नाना म्हणाले. "पट्टी इकडे आणू. चुना काही सणासाठी थांबत नाही."

असं ठरलं. राजवाड्याच्या अंगणात पट्टी आखायची आणि कागद हातोहात न देता शर्यतीसारखा द्यायचा. दुसरे नाना. तिसरा मी. चौथा जोजो असता, त्याच्या जागी सर. आणि चौथा गडी डाव्या हातातच घेतो. तो उद्धटपणा नव्हे, नियम आहे. पहिला गडी कॅनडात स्थायिक झाला आहे आणि तिथून तो फक्त सूचना पाठवतो. तेव्हा आम्ही दोघांनी ओचाम्यांकडे बघितलं.

"पहिला उजव्या हातानं देतो," मी म्हणालो.

"उजव्यानंच?"

"उजव्यानंच. अजिबात दोष नाही."

"पळावं लागेल?"

"चाललात तरी चालेल."

"मी चालतो तसाच चालेन," ओचामे म्हणाले, आणि त्या वाक्यात आमच्या सगळ्या शर्यतीचा वेळ ठरला.

आता उरले सर. त्यांना आमंत्रण द्यायचं नाही, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेलो, बूट बाहेर काढले आणि म्हणालो, "सर, सहज आलो. राजवाड्यावर चुन्यानं पट्टी आखतोय, गंमत म्हणून. कांडी बदलायचा टप्पा वीस मीटरचा घेतलाय."

सर खिडकीबाहेर बघत होते. "किती?"

"वीस."

"नियम बदलून पाच वर्षं झाली. आता तीस आहे."

"असू दे हो सर," मी म्हणालो. "कोण मोजतंय." हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

सरांनी मान वळवली. त्र्याहत्तर सालानंतर ती नजर मी पहिल्यांदाच पाहिली. ती चष्म्याआडून आली तरी तेवढीच लागते.

"कोण आखतंय?"

"एकोणऐंशीची बॅच."

"त्यांना सरळ रेघ कधी आली नाही. फाटकसुद्धा तिरकं बसवलंय. अंगण केवढं आहे?"

"साठ मीटर."

"तीन बदल, तीस-तीसचे टप्पे. नव्वद. साठात नव्वद कसे बसवणार?"

"थोडं इकडेतिकडे करू, सर."

"इकडेतिकडे," सर हळूच म्हणाले. मग विचारलं, "चौथा कोण? जोजो तर गेला."

सरांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, पालथा, मग उताणा. मी नानांचा निकाल सांगितला, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ.

"पट्टी नीट आखलेली असेल तर," सर म्हणाले. "वाकडी असेल तर ती पट्टी नव्हे. नुसता चुना सांडलाय. मग मी गादीसमोरच उभा असेन आणि माझा शब्द मोडेल." त्यांनी हाक मारली. "अराबा, माझी काठी आण."

अराबा काठी घेऊन आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघांनाही सरांसमोर डोळे पुसावे लागले असते, आणि सरांना ते तासात चालत नाही.

त्या दुपारी एकोणऐंशीच्या बॅचनं, म्हणजे एक खासदार, एक दंतवैद्य आणि दोन निवृत्त हेडमास्तरांनी, राजवाड्याचं अंगण चार वेळा आखलं. सर कडुनिंबाखाली खुर्चीत बसून काठीनं दाखवत होते.

"पुसा."

"सर, दोनच बोटं वाकडी आहे."

"दोन बोटं कुठल्या हाताची? पुसा. झाडाला वळसा घालून घ्या, म्हणजे नव्वद बसतील. आणि तू, खासदार झालास तरी दोरी ढिलीच धरतोस."

"सर, मी मंत्री होणार होतो."

"दोरी ताणली असतीस तर झाला असतास."

पाचव्या वेळी सर उठले, रेघेवर डोळा लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "चालेल." खासदारानं सांगितलं की निवडून आल्यावरही त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दरबाराच्या दिवशी अंगणात दोन हजार माणसं होती. नगारे होते, छत्र्या होत्या, गादीच्या उजवीकडे राजघराण्यातल्या म्हाताऱ्या पांढरी वस्त्रं नेसून ओळीनं बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्या धावपट्टी मानायला आलेल्या दिसत नव्हत्या. छत्री धरणारा नानांबरोबर पट्टीत शिरला, तेव्हा सरांनी काठी उचलून त्याला बाहेर काढलं. "एका पट्टीत एकच गडी." तो बिचारा रेघेबाहेरून छत्री तिरकी धरून चालला, आणि सावली नानांवर पडायची ती माझ्यावर पडली.

ओचामे निघाले. लाल दोऱ्यानं बांधलेली कागदाची गुंडाळी उजव्या हातात, सोन्याची वस्तू असावी तशी. नगारा वाजवणाऱ्यानं आधी धावण्याचा ठेका धरला होता. ओचाम्यांची चाल बघून त्यानं तो बदलला, मग पुन्हा बदलला, आणि शेवटी नुसता थांबला. नानांनी समोर बघत डावा हात मागे केला. ओचाम्यांनी त्यात गुंडाळी ठेवली आणि स्वतःचा हात लगेच वस्त्राला पुसला, कुठल्याही दोषाशिवाय, फक्त सावधगिरी म्हणून.

अंगणात आवाज उरला नाही. रोज दिवसातून वीसदा 'धावपट्टी' म्हणणारी माणसं होती ती. पण नानांच्या डाव्या हातात काही आहे आणि ते आता कुणाला तरी दिलं जाणार आहे, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मी समोर बघत होतो. उजवा हात तयार. मागून बांगड्यांचा आवाज, चपलांचा आवाज, सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा श्वास. आणि मग पावलं मंदावली. अगदी तशीच, अगदी त्याच जागी. मला वाटलं, म्हणतो आता. पन्नास वर्षांपूर्वीचं ते वाक्य माझ्या कानात आधीच वाजायला लागलं. म्हाताऱ्यांच्या ओळीतून कुणीतरी खाकरलं. चौथ्या खुणेवर सरांनी काठी अराबाकडे दिली होती. तिनं त्यांना उजव्या कोपराला धरलं होतं, आणि ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. नाना आता माफी मागतील तर ती माफी सगळ्या डाव्या हातांच्या वतीनं असेल, आणि त्या पाठीला ती ऐकू येईल.

"हात."

ओचाम्यांचा आवाज नव्हता. नाना गादीवर बसल्यापासूनच्या बारा वर्षांत गावानं दरबारात न ऐकलेला आवाज होता तो, आणि चांगला खणखणीत होता. गुंडाळी माझ्या तळव्यावर आपटली. मी पळालो. हा शब्द माझ्या गुडघ्यांना अजून मान्य नाही, पण मी पळालो. मागे बऱ्याच अंतरावर ओचाम्यांचा कर्तव्यदक्ष आवाज आला, "नाना म्हणतात, हात."

मीही "हात" म्हणालो. नीट निघालं नाही, पण निघालं. सरांचा डावा हात मागे आला, तळवा वर, अंगठा बाहेर, जसा वहीत काढून दाखवायचे तसा. हलत नव्हता. मी गुंडाळी दिली. सरांनी मागे बघितलं नाही. ते चालू लागले, अराबा एका बाजूला, अकरा पावलं, आणि छातीनं फीत तोडली. फितीवर एकोणऐंशी असं रंगवलेलं होतं.

दोन हजार माणसं एकदम 'धावपट्टी' म्हणाली. म्हाताऱ्यांच्या ओळीतल्याही दोघी म्हणाल्या. एकीनं दुसरीकडे वळून 'खोकला आला' असं सांगितल्याचं मी ऐकलं.

सरांनी आम्हाला जवळ बोलावलं. नाना आले, मी आलो. छत्री धावत आली.

"क्वामिना, टप्प्यात येताना मंदावलास."

"हो सर."

"एबो, मान वळवलीस."

"नाही, सर."

"थोडी."

"थोडी, सर."

"ओचाम्यांचा बदल उत्तम झाला," सर म्हणाले. ओचाम्यांनी काठी जरा उंच धरली आणि पुढचा पूर्ण दिवस ती खाली आणली नाही.

मग पानं वाढली गेली. कडुनिंबाखाली टेबल लावलं होतं, केंके, तळलेला मासा, शितोची तिखट चटणी, सगळं. नाना लोकांसमोर जेवत नाहीत, ते आत गेले. सरांसमोर ताट आलं. बाजूला चमचा. आसपासची माणसं एकदम एकमेकांशी फार महत्त्वाचं बोलू लागली, म्हणजे कुणी बघतंय असं वाटू नये. अराबा मागे उभी होती.

सरांनी चमच्याला हात लावला नाही. त्यांनी जमिनीकडे बघितलं. "ही पट्टी कुठपर्यंत आहे?"

खासदार चुन्याची बादली घेऊन जवळच होता. "सर, तुमच्या खुर्चीच्या तीन फूट अलीकडे संपते."

खासदार खाली बसला आणि गुडघ्यांवर सरकत चुन्याची रेघ पुढे ओढू लागला, खुर्चीच्या पायाला वळसा घालून, टेबलाखालून, अराबाच्या चपलांच्या बाजूनं. त्याचा चांगला सूट होता. रेघ पुरी होऊन मागच्या रेघेला मिळाली, तेव्हा सरांनी डाव्या हातानं केंक्याचा तुकडा मोडला, शितोत बुडवला आणि सगळ्यांसमोर तोंडात घातला. मग दुसरा. खासदार टेबलापलीकडे एकोणऐंशीवाल्यांसाठी रेघ आणखी लांबवायला लागला होता.

"सरळ ओढ," सर खाता खाता म्हणाले. त्यांनी वर बघितलंही नव्हतं.